जगदाळे सर आणि सीडी अठरा

बारशाला आलेला माणूस पाळण्यात डोकावून काय म्हणतो? 'नाक अगदी बापाचं', 'आजीवर गेलंय हो', फार तर 'वजन किती भरलं?' आमच्या बिल्डिंगमधले जगदाळे सर पाळण्यात डोकावतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि भरल्या घरात, हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारतात, "नाळ कितव्या दिवशी पडली?"

बाळंतीण सासूकडे बघते, सासू मुलाकडे बघते, मुलगा पंख्याकडे बघतो. कोणीतरी चाचरत सांगतं, "आठव्या... नाहीतर नवव्या." मग सरांचा चेहरा खुलतो. "वा! चिकटतायत!" म्हणतात आणि घुगऱ्या खायला लागतात. काय चिकटतंय, कुणाला चिकटतंय, हे विचारायचं नाही. मी एकदा विचारलेलं. दुपार गेली माझी, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

तळमजल्यावरच्या परबआजींनी तर जाहीरच करून टाकलेलं, की हा माणूस नाळा गोळा करतो. अमावास्येला पिशवी घेऊन कल्याणला जातो म्हणे, खाडीवर. सर पिशवी घेऊन कल्याणला जात होते हे खरं, पण घाऊक बाजारात कांदे आणायला. तरी आजींचं म्हणणं डोंबिवली पूर्वेत इतकं पसरलं की सरांची पाठ वळली रे वळली की बायका मीठ-मिरच्या घेऊन बाळाची दृष्ट काढायला बसायच्या. एकदा सर विसरलेली छत्री न्यायला परत आले. घरभर मिरच्यांचा धूर. "कोणाची दृष्ट काढताय?" खोकत खोकत विचारलं त्यांनी. आजी भीत नाहीत कुणाला. "तुझीच रे बाबा," म्हणाल्या. "काढा, काढा," सर म्हणाले, "पण बेंबी लाल दिसली तर मला सांगा." आणि छत्री न घेताच गेले.

हे सर कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळं आयुष्य डोंबिवलीत काढलेलं. निवृत्त झाले तेव्हा वर्ग गेला, फळा गेला, मुलं गेली. बोलणं तेवढं राहिलं आणि ते आमच्या वाट्याला आलं. बरोबर कायम सुमनवहिनी. सुती साडी, हातात बाळाला द्यायचं झबलं, तोंडात शब्द नाही. सर एकटे बारशाला आलेत असं मी कधी पाहिलेलं नाही. ते बोलणार, ह्या ऐकणार. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, "बघा, बायको असावी तर अशी." हे म्हणायचे, "तेच म्हणतोय मी केव्हापासून." मग आमच्यात अबोला.

सरांची दुसरी खोड पुवाची. तुम्ही जेवत असाल तर हे नंतर वाचा.

आमच्या ह्यांना एकदा गळू झालेलं. कुठे, ते सांगत नाही. एवढंच सांगते की हे उभ्याने जेवत होते. तशातच नवरात्र आलं आणि बिल्डिंगमधले सगळे मिळून ठाण्याच्या टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला निघालो. रांग ही एवढी. हे आपले पाय फाकवून, चेहरा कसनुसा करून उभे. सरांनी विचारलं काय झालं. ह्यांनी बिचाऱ्यांनी कानात सांगितलं. सर कानात ऐकतात, पण बोलतात मोठ्याने. "गळू? मग पू झालाय का? भरपूर? अरे, अभिनंदन!" आणि ह्यांचा हात हातात घेऊन असा काही हलवला की पुढच्या बाईला वाटलं ह्यांना नातू झाला. तिनेही अभिनंदन केलं. तिच्या पुढच्या माणसाने विचारलं, "पहिलाच का?" हे देवीपर्यंत पोचायच्या आत घरी निघालेले.

"हसू नका वहिनी," सर मला म्हणाले. "पू म्हणजे काय? जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. ज्याला पू झाला, त्याचे शिपाई जागेवर पोचले. ज्याला जखम होते आणि पू होत नाही, त्याची भीती वाटते मला."

आता तुम्हाला सरांचा सिद्धान्त सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला तो घोडबंदर रोडवरून कळला. माझी मुलगी तन्वी लग्नानंतर तिथे एका उंच टॉवरमध्ये राहते, म्हणून सरांनी उदाहरण तिथलं घेतलं.

"समजा, तन्वीच्या बिल्डिंगमागच्या गल्लीत आग लागलीय," सर म्हणाले. "मेन रोडवरून आगीचा बंब सुसाट येतोय. बंब म्हणजे पांढरी पेशी. रस्ता म्हणजे रक्तवाहिनी. बंबाने काय करायला हवं?"

"घोडबंदर रोडवरून सुसाट काही येत नाही सर," मी म्हटलं. "आमचा जावई अजून मानपाड्यालाच उभा आहे."

"उदाहरण आहे वहिनी! बंबाने आधी कडेला यायचं, हळूहळू घरंगळत पुढे सरकायचं, मग करकचून ब्रेक लावून कडेला चिकटायचं आणि मग गल्लीत शिरायचं. आता ब्रेकच नसेल तर?"

"पुढे जाईल."

"कुठे?"

"अहमदाबादला."

"शाब्बास!" सरांनी माझ्या टेबलावर थाप मारली. "आणि इकडे गल्ली बेचिराख! गंमत बघा, रस्त्यावर बंब मोजायला गेलात तर नेहमीपेक्षा जास्तच भरतील, कारण कोणी वळतच नाही. म्हणजे रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरपूर, आणि जखमेपाशी एक नाही. नाळ वाळून गळायची तर तिथेही त्याच पेशी लागतात. त्या पोचल्या नाहीत की नाळ लटकतच राहते. जन्मजात असतो हा आजार. फार क्वचित होतो, पण होतो."

तर तो ब्रेक म्हणजे एक प्रथिन असतं. पेशीच्या अंगावर असतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून ठेवतं. त्याचं नाव सीडी अठरा. आता हे नाव ज्याने ठेवलं त्याला आमची बिल्डिंग माहीत नव्हती. गणपतीच्या सभेत सरांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्यापैकी प्रत्येकाकडे, अगदी लहान मुलांकडेसुद्धा, सीडी अठरा असायलाच हवं!" दोन आयांनी मुलांना दंडाला धरून घरी नेलं. सेक्रेटरींनी "विषयाला धरून बोला" म्हणून सांगितलं. आणि आमचे खजिनदार करंदीकर, ज्यांनी आयुष्यात वर्गणीवर एक रुपया जास्त दिलेला नाही, ते सभा संपल्यावर हळूच सरांपाशी गेले. "सर, अजून मिळतात का हो त्या? आमच्याकडे प्लेअर पडून आहे."

सर रागावतील असं वाटलं. छे! त्यांनी करंदीकरांना मिठीच मारली. "करंदीकर, तुमच्याकडे आहे! तुमच्याकडे भरपूर आहे! तुम्ही चिकट आहात म्हणून तर जिवंत आहात!" जिन्यात सगळी बिल्डिंग उभी होती. करंदीकरांनी पुढचं वर्षभर सरांचं तोंड पाहिलं नाही.

सरांना ह्या प्रथिनाचं कौतुक तरी किती! ते एकटं नसतं म्हणे. त्याची जोडी असते, अकरा नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी. अठरा नसेल तर अकरा पेशीच्या आतच अडकून पडतं, बाहेर तोंड दाखवत नाही. आजाराचे प्रकारही तीन. एकात हे अठराच नीट तयार होत नाही. दुसऱ्यात पेशीच्या अंगावरची एक खास साखर नसते, त्यामुळे तिला कडेला येऊन घरंगळताच येत नाही. तिसऱ्यात सगळं सामान जागेवर असतं, पण ते जागंच होत नाही. "हा तिसरा प्रकार आमच्या घरात आहे," मी सोफ्यावर घोरणाऱ्या ह्यांच्याकडे बघून म्हटलं. सुमनवहिनींना हसू आवरेना. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "नाही नाही, त्यांना पू झाला होता."

म्हणजे माणूस विक्षिप्त, पण निरुपद्रवी, अशी आमची समजूत होती. ती पवारांकडच्या सुपारीपर्यंत टिकली.

दुसऱ्या मजल्यावरच्या पवारांच्या राहुलचं लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी ठरलं. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी, दोन्ही घरं खूश. सुपारी फुटायच्या दिवशी सर आले आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत म्हणाले, "आधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करा."

पवारवहिनींचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता सुपारी सरांच्या डोक्यातच फुटणार. "सर," त्या म्हणाल्या, "मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो आमच्यात. पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आणि तुम्ही कोण सांगणारे? तुम्हीसुद्धा मामाचीच केलीत ना?"

"म्हणूनच सांगतोय," सर म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. मोठ्याने नाही. सरांचा तेवढा हळू आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता.

सुमनवहिनी त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे सरांच्या आईचे वडील आणि वहिनींच्या वडिलांचे वडील एकच. "आमच्या त्या आजोबांच्या जनुकात एक वेलांटी चुकलेली होती," सर म्हणाले. "सीडी अठरा कसं बनवायचं ते जिथे लिहिलेलं असतं, नेमकी तिथेच. आजोबांना कधी काही झालं नाही, कारण प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक बरोबर असली की भागतं. तीच चूक आईकडून माझ्याकडे आली आणि मामाकडून सुमनकडे. आम्हीही ठणठणीत. आमच्या मुलाला मात्र दोन्ही प्रती चुकलेल्याच मिळाल्या."

त्यांना मुलगा झाला होता, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. साताऱ्याकडे गावीच जन्मला. महिना उलटला तरी नाळ पडेना. बेंबी लाल झाली, मग अंगावर जखमा, हिरड्या सुजलेल्या, सारखा ताप, आणि कुठेही पुवाचा थेंब नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशी खूप आहेत असं सांगितलं तेव्हा घरच्यांना वाटलं, वा, पोरात ताकद आहे. पहिल्या वाढदिवसाच्या आत तो गेला. सरांची आई, म्हणजे वहिनींची सख्खी आत्याच, सगळ्यांच्या देखत म्हणाली, की सुमनच्या हाताला स्वच्छता नाही. तिने नाळ नीट सांभाळली नाही.

त्यानंतर दुसरं मूल होऊ द्यायचा दोघांना धीर झाला नाही. पुष्कळ वर्षांनी सरांनी ह्या आजाराबद्दल कुठेतरी वाचलं आणि प्रत्येक ओळीत त्यांना आपला मुलगा दिसला. आणखी बऱ्याच वर्षांनी तशी तपासणी करता यायला लागली तेव्हा दोघांनी मुंबईला जाऊन रक्त दिलं. दोघांकडे एकच चूक निघाली, एकाच जागी.

पवारांनी लग्न मोडलं नाही, पण तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. सरांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. "माझी शंका खोटी ठरली!" प्रत्येक दारात हेच सांगत होते. शंका खोटी ठरली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या दिवसानंतर मी सरांच्या भाषणाकडे नीट लक्ष द्यायला लागले. प्रत्येक भाषणाच्या शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "ह्यात आईच्या हाताचा काहीएक संबंध नाही." हे म्हणताना ते पाळण्याकडे बघत नाहीत, बाळाच्या आईकडे बघत नाहीत, सुमनवहिनींकडे बघतात. वहिनी त्या वेळी झबल्याची घडी सारखी करत असतात. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हा माणूस जगाला शिकवतच नव्हता. घरोघरी जाऊन एकाच बाईला समजावत होता, आणि तिला पटलंय की नाही हे काही त्याला कळत नव्हतं. मला रडू आलं. मग मी दूध तापवायला गेले.

ह्या साली तन्वी बाळंतपणाला माझ्याकडे आली. मी सरांना आधीच बजावलं, "सर, बाळ यायच्या आधी काय बोलायचं ते बोला. आल्यावर एक अक्षर नाही." सरांनी संधी सोडली नाही. नाळ स्वच्छ ठेवा, कोरडी ठेवा, जंतूंना थारा देऊ नका, असं तन्वीला, मला, ह्यांना आणि मालिशवाल्या शेवंताबाईंनासुद्धा एकेकटं गाठून सांगितलं. आम्ही चौघांनी ऐकून घेतलं. नको इतकं ऐकून घेतलं, हे पुढे कळलं.

मुलगी झाली. गोरीपान, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. बारसं झालं. सर आले, पाळण्यात डोकावले, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. पण न विचारून त्यांना चैन कुठलं पडायला! जाताना दारात ह्यांना गाठलंच. "पडली का?"

"हो हो, केव्हाच!" आमच्या ह्यांनी ठोकून दिलं. त्यांना फक्त दार लावायचं होतं.

"कुठली पडतेय," आतून शेवंताबाई ओरडल्या. "चांगली घट्ट धरून बसलीय!"

सर काही बोलले नाहीत. भाषण न करताच निघाले. तोपर्यंत ज्याची चेष्टा केली तो सगळा सिद्धान्त, तो घोडबंदर रोड, ते बंब, माझ्या घरात येऊन बसले.

आणखी दिवस गेले. नाळ तशीच. मी तन्वीला म्हणत होते, "काही नसतं गं, एखादीची उशिरा पडते." आणि रोज दुपटं उचलून बघत होते. तन्वी मोबाईलवर वाचायची आणि रडायची. "आई, माझंच काहीतरी चुकतंय. मला नीट पुसताच येत नाही." मी तिच्यावर ओरडायचे आणि मोरीत जाऊन मीही रडायचे. नात्यातलं लग्न नव्हतं तिचं, जावई नागपूरकडचा. हे सरांना सांगितलं तर ते नुसते "हं" म्हणाले. मग मीच विचारलं, "नात्यातलं नसलं तरी होऊ शकतं?" त्यांनी मान हलवली. "फार क्वचित. पण दाखवून घेऊ. सुमन आणि मी येतो बरोबर."

ठाण्याला सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा लहान मुलांचा दवाखाना आहे. तिथे गेलो. तन्वी, बाळ, मी, सर आणि वहिनी. जावई घोडबंदरवरून थेट येणार होता. अर्थातच अडकला होता.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला नीट तपासलं. ताप नाही, बेंबी लाल नाही, अंगावर जखम नाही. मग तन्वीला विचारलं, "नाळेला काही लावता का?"

"स्पिरिट," तन्वी म्हणाली. "सकाळी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली. "मी दुपारी लावते. हिला झोप लागलेली असते, म्हणून हिला सांगितलं नाही."

"आणखी कोणी?"

"शेवंताबाई अंघोळीनंतर जंतुनाशक पावडर टाकतात," तन्वी म्हणाली. मग मला आठवलं, बाटली एवढ्या लवकर कशी संपते म्हणून मी ह्यांना विचारलेलं. फोन लावला. आमचे हे रात्री सगळे झोपले की आजोबांचं कर्तव्य म्हणून स्पिरिट लावत होते.

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाळ दचकलं. "अहो, नाळ गळायला थोडे जंतू लागतात आणि त्यांच्यामागे येणाऱ्या पांढऱ्या पेशी लागतात. तुम्ही तिथे जंतूच ठेवले नाहीत, तर पेशी येतील कशाला? कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते.

"सगळं बंद करा, गळेल ती," त्या म्हणाल्या. "पण सर, तुमच्या समाधानासाठी रक्तही तपासू. पेशींवर सीडी अठरा आहे की नाही ते मशीनवर स्पष्ट दिसतं." इवल्याशा हातातून रक्त घेतलं. बाळ किंचाळलं आणि सर खोलीबाहेर गेले.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. स्पिरिटची बाटली मी करंदीकरांना देऊन टाकली. फुकट म्हटल्यावर त्यांनी सरांशी धरलेला अबोलाही सोडला. नाळ खरोखरच गळून पडली, एका सकाळी दुपट्यात सापडली, पण त्यावर माझं समाधान होईना. सरांचंही होत नव्हतं, कारण ते रोज जिन्यात दिसायचे आणि कोणाला काहीही समजावून सांगायचे नाहीत.

रिपोर्टला पुन्हा तीच वरात ठाण्याला. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि हसल्या. "भरपूर आहे. तुमची नात चांगलीच चिकट आहे, आजी."

तन्वीने बाळाला छातीशी धरलं आणि रडायला लागली. मी सगळ्या देवांची नावं घेतली. सर पहिल्यांदा डॉक्टरांकडे बघून हसले, मग सवयीने तन्वीकडे वळले. "बघ बाळा, आणि समजा असतं ना काही, तरी ह्यात आईच्या हाताचा..." पुढचं वाक्य त्यांना पुरं करता येईना. खुर्चीत बसले आणि एकदम वहिनींचा हात धरला. इतक्या वर्षांत आमच्यासमोर पहिल्यांदाच ते सरळ त्यांच्याशी बोलले. "सुमन, ऐकतेस ना? तुझ्या हाताचा काही दोष नव्हता. तुला पटतंय का हे?"

"पुरे हो आता," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत आहे."

"तसं नव्हे, नीट ऐक..."

"नीटच ऐकलंय. तुम्ही ते पहिल्यांदा वाचलंत, पायातल्या चपला न काढता स्वयंपाकघरात आलात आणि मला सांगितलंत, त्याच दिवशी पटलं मला. आत्या काही म्हणोत. माझं ओझं त्या दिवशीच उतरलं."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग आजवर प्रत्येक बारशाला येत होतीस, ती?"

"तुमच्यासाठी. म्हटलं, एवढ्या लोकांना सांगताय, कधीतरी तुमचं तुम्हालाही पटेल."

"मला काय पटायचंय?"

"आबा मला कऱ्हाडला देत होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आलात आणि आबांच्या, म्हणजे तुमच्या मामांच्या, पाया पडून मला मागितलंत. 'मी मागितली नसती तर हिचं सगळं नीट झालं असतं, तो पोरगा असा गेला नसता', हेच घोळतंय तुमच्या मनात. झोपेतसुद्धा बोलता तुम्ही."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुम्ही बाहेर आबांच्या पाया पडत होतात ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा मी आत देव पाण्यात घालून बसले होते, आबांनी हो म्हणावं म्हणून. तुम्ही एकट्यानेच मागणी घातली असं वाटलं काय तुम्हाला?"

सर तिथेच, आमच्या सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे रडायला लागले. मी तन्वीला आणि बाळाला घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. जावई धावतपळत जिना चढत होता. त्याला मी जिन्यातच थांबवलं.